दुःखाचे दफ्तर

मिरजेहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी कृष्णेचा पूल ओलांडून जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी अशी स्टेशने एकामागून एक मागे टाकीत पंचगंगा उतरून गेली, म्हणजे कोल्हापूरच्या थोडे अलीकडे ‘वळिवडे’ या नावाची पाटी खिडकीतून दिसते. आणि सांगली-मिरजेकडचा जो उतारू लग्नाच्या बस्त्यासाठी गांधीनगरच्या कापडबाजारात निघालेला असतो, तो आपल्या पिशव्या सावरीत येथेच उतरतो. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी कुटुंबांनी स्वकष्टाने ही पेठ वसविली, हे त्याला बहुधा ठाऊक असते. परंतु त्या सिंधी कुटुंबांच्याही आधी, १९४३ पासून १९४८ पर्यंत, याच माळावर सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांतही मुख्यत्वे स्त्रिया, मुले आणि वृद्ध, कौलारू बराकींच्या लांबच लांब रांगांतून राहत होती, ही गोष्ट त्याच्या कानावर क्वचितच आलेली असते. सातासमुद्रांपलीकडच्या त्या देशावर असे कोणते अरिष्ट कोसळले, की तेथल्या मायलेकरांना करवीरच्या माळावर येऊन चूल मांडावी लागली, आणि त्या अरिष्टाची आठवण इतिहासकारांनी कशी जतन केली, कशी पारखली आणि प्रसंगी लोकांचा रोष पत्करून कशी दुरुस्तही केली, ते या लेखात सांगावयाचे आहे. कारण त्या कथेचा एक धागा आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या मुलुखातून गेलेला आहे.

पोलंड हा जर्मनी आणि रशिया या दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये पसरलेला सपाट प्रदेश. आपल्याकडे साताऱ्याची गादी १८४८ साली खालसा झाली, त्याच्याही अर्धशतक आधी, १७९५ साली, शेजारच्या तीन साम्राज्यांनी हा देश आपसांत वाटून घेऊन त्याचे नाव नकाशावरून पुसून टाकले होते, आणि तब्बल १२३ वर्षांनी, १९१८ साली, तो पुन्हा स्वतंत्र झाला. हे स्वातंत्र्य जेमतेम एकवीस वर्षे टिकले. २३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलरचा जर्मनी आणि स्टालिनचा रशिया यांनी अनाक्रमणाचा जो तहनामा केला त्याला एक गुप्त कलम जोडलेले होते, आणि त्या कलमान्वये पोलंडची वाटणी आधीच ठरून गेली होती. १ सप्टेंबर रोजी जर्मन फौजा पश्चिमेकडून घुसल्या. १७ सप्टेंबर रोजी, पोलिश सैन्य पश्चिमेकडे झुंजत असताना, रशियन फौजा पूर्वेकडून शिरल्या. महिनाभरात देश पडला. त्याचे सरकार मात्र शरण गेले नाही, ते परदेशात गेले, आणि पुढे लंडनहून आपला कारभार पाहू लागले.

जर्मन अंमलाखाली आलेल्या मुलुखात जे घडले, त्याला केवळ परचक्र म्हणता येत नाही. कारण परचक्राचा हेतू राज्य जिंकण्याचा असतो, आणि येथे हेतू समाज नाहीसा करण्याचा होता. पोलिश माणसाने जर्मनांसाठी श्रम करावेत आणि श्रम करण्यापुरतेच जगावे, असे हे धोरण. समाजाचे मस्तक आधी छाटावे म्हणून शिक्षक, पाद्री, वकील, जमीनदार आणि राजकीय पुढारी यांना वेचून वेचून ठार करण्यात आले. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकोव येथील प्राचीन यागेलोनियन विद्यापीठाच्या प्राध्यापकांना एका व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावण्यात आले, आणि व्याख्यान ऐकण्यासाठी जमलेल्या त्या १८३ जणांना पकडून, त्यांपैकी बहुतेकांना जर्मनीतील छळछावणीत पाठविण्यात आले. पूर्वेकडील बिगर-जर्मन मुलांना फार तर पाचशेपर्यंत अंक मोजता यावेत आणि स्वतःचे नाव लिहिता यावे, याहून अधिक शिक्षणाची त्यांना आवश्यकता नाही, अशा आशयाचे टिपण हिटलरचा सहकारी हिमलर याने १९४० च्या मे महिन्यात तयार केले होते. पंधरा लाखांहून अधिक पोलिश स्त्री-पुरुषांना जर्मनीतील शेतांवर आणि कारखान्यांत वेठीला धरण्यात आले, आणि त्यांच्या कपड्यांवर ‘पी’ हे अक्षर शिवण्याची सक्ती करण्यात आली. ज्या आउशवित्झच्या नावाने आज साऱ्या जगाचा थरकाप होतो, त्या छावणीत १४ जून १९४० रोजी दाखल झालेली पहिली मोठी तुकडी ७२८ पोलिश राजबंद्यांची होती.

परंतु या सर्व यातनांच्याही पलीकडे जाणारी एक यातना त्याच भूमीवर, त्याच आकाशाखाली घडत होती. पोलंडमध्ये युद्धापूर्वी तीस लाखांहून अधिक ज्यू राहत असत. त्यांना शहराशहरांत भिंतींच्या आड कोंडण्यात आले, उपासमारीने व रोगराईने जर्जर करण्यात आले, आणि अखेर गाड्यागाड्यांनी मृत्युछावण्यांकडे नेण्यात आले. १९४२ च्या जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत, दोन महिन्यांत, एकट्या वॉर्सा शहरातील अडीच लाखांहून अधिक ज्यू त्रेब्लिंका येथे मारले गेले. पोलिश माणसाला गुलामीत जगण्याची तरी मुभा होती. ज्यू माणसाला जन्माला आल्याबद्दलच देहान्ताची शिक्षा होती. ज्यूला घरात आसरा देणाऱ्या पोलिश माणसालाही मृत्युदंड फर्मावण्यात आला होता. तरीसुद्धा तो धोका पत्करून हजारोंनी आसरा दिला, आणि भयापोटी, लोभापोटी किंवा द्वेषापोटी अनेकांनी तो नाकारला, काहींनी तर लपलेल्यांचा पत्ता शत्रूला कळविला. ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात उच्चारण्याची तयारी ज्याच्यापाशी नाही, त्याला या काळाचा इतिहास लिहिता येणार नाही.

वळिवड्याच्या छावणीत आलेली माणसे मात्र पोलंडच्या दुसऱ्या, म्हणजे पूर्वेकडील अर्ध्या भागातून आली होती. रशियन अंमलात गेलेल्या त्या मुलुखात १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, हजारो घरांच्या दारांवर एकाच वेळी थाप पडली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ज्यांना सरहद्दीवर जमिनी देऊन वसविले होते असे माजी सैनिक, जंगलखात्याचे नोकर आणि त्यांची कुटुंबे यांना घटकाभरात हाताला येईल तेवढे सामान घेऊन बाहेर पडण्याचा हुकूम झाला. मालगाडीच्या बंद डब्यांतून कित्येक आठवडे प्रवास करून ती माणसे उत्तर रशियाच्या आणि सैबेरियाच्या अरण्यांत पोचली, आणि तेथे लाकूडतोडीच्या कामाला जुंपली गेली. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. तीत अटक झालेल्यांच्या बायकामुलांना कझाकस्तानच्या माळरानांवर नेण्यात आले. जूनमध्ये तिसरी, तीत जर्मन मुलुखातून पळून आलेल्या निर्वासितांचा, आणि त्यांतही बहुसंख्येने ज्यूंचा भरणा होता. १९४१ च्या मे-जून महिन्यांत चौथी. दरम्यान कैदेत असलेले पोलिश सैन्याधिकारी, पोलीस आणि इतर बंदी, मिळून सुमारे बावीस हजार जण, ५ मार्च १९४० च्या हुकमान्वये कातीनच्या अरण्यात आणि अन्यत्र गोळ्या घालून गुपचूप पुरण्यात आले होते. कझाकस्तानात बसून ज्या स्त्रिया पतीच्या पत्राची वाट पाहत होत्या, त्यांच्यापैकी पुष्कळजणींचे पती तेव्हा हयातच नव्हते.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, आणि कालचे शत्रू आज मित्र ठरले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार आणि रशिया यांच्यात करार होऊन या हद्दपारांना ‘माफी’ देण्यात आली. ज्यांनी अपराधच केला नव्हता, त्यांना माफी! जनरल अँडर्स यांच्या हाताखाली रशियाच्या भूमीवर पोलिश सैन्य उभे राहू लागले, तेव्हा त्याच्या आश्रयाला ही अस्थिपंजर कुटुंबे दक्षिणेकडे धावली, आणि १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. सैन्य पुढे लढाईवर गेले. मागे राहिलेल्या बायकामुलांना कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न होता. पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि हिंदुस्थान अशा दूरदूरच्या देशांनी त्यांना थारा दिला. अनाथ मुलांची पहिली तुकडी इराणमार्गे खुष्कीने हिंदुस्थानात आली, काही काळ मुंबईस वांद्रे येथे राहिली, आणि नंतर नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे समुद्रकाठी उभारलेल्या छावणीत गेली. कुटुंबांसाठी मोठी छावणी हवी होती, आणि ती कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या पाण्याजवळ आणि रेल्वेच्या रस्त्यावर, वळिवड्याला उभी राहिली. छत्रपती त्या वेळी बालवयाचे असल्याने महाराणी ताराबाई या रीजंट म्हणून संस्थानाचा कारभार पाहत होत्या.

या छावणीत सुरुवातीला आजारपण होते, मृत्यू होते, आणि ज्यांचा ठावठिकाणा नाही अशा पतीपुत्रांची अहोरात्र वाट पाहणे होते. परंतु हळूहळू तेथे एक पोलिश गाव आकाराला आले. चर्च, रुग्णालय, टपालकचेरी, नाट्यगृह, चित्रपटगृह, वाचनालय, बालवीरांची पथके, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्राथमिक शाळांपासून थेट विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षेपर्यंतचे शिक्षण पोलिश भाषेतून देणाऱ्या संस्था तेथे चालू झाल्या. दोन-अडीच वर्षे ज्यांनी पुस्तक पाहिले नव्हते अशी मुले पुन्हा पाढे म्हणू लागली. परिसरातील शेतकरी आणि विक्रेते दूध, भाजीपाला, फळे घेऊन छावणीत जात, आणि व्यवहाराच्या निमित्ताने दोन्हीकडच्या जिभा एकमेकांचे शब्द शिकत. ज्यांची प्रकृती फारच खचली होती अशांना हवापालटासाठी आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीस पाठविण्यात येई, आणि तेथील शाळांतून काही पोलिश मुली शिकतही होत्या. सैबेरियाच्या बर्फात खोकलेली छाती कृष्णेच्या उगमाजवळच्या डोंगरहवेत थोडी मोकळी होत असे. छावणीतल्या एका मुलीने तर कोल्हापूरच्या मराठी तरुणाशी विवाह केला, आणि बाकीचे सारे आपापल्या वाटांनी निघून गेल्यावरही ती येथेच, मराठी संसारात, राहिली.

याच वेळी आपल्या मुलुखात काय चालले होते, हेही या ठिकाणी आठवले पाहिजे. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. त्यातील पुष्कळसा भाग जुन्या सातारा जिल्ह्यात, आणि उरलेला सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांत विभागलेला होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात मोर्च्यांवर गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली होती. ७ जून १९४३ रोजी भूमिगतांच्या तुफान सेनेच्या तरुणांनी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडविली. त्याच पावसाळ्यात, त्याच पुणे-मिरज मार्गावरून, पोलिश निर्वासितांच्या गाड्या वळिवड्याकडे जाऊ लागल्या होत्या. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, आणि त्या चकमकीत अण्णासाहेब पत्रावळे धारातीर्थी पडले, तेव्हा येथून पंचवीस-तीस मैलांवर वळिवड्याच्या बराकींतून पोलिश आया आपल्या मुलांना निजवीत होत्या. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार, ज्याला आपला शेतकरी पत्री सरकार म्हणत असे, गावोगावी न्यायदान मंडळे स्थापून तंटे मिटवीत होते. आणि तिकडे पोलंडमध्ये तर जर्मन अंमलाच्या खाली आणखी एक अदृश्य राज्यच उभे होते, ज्याची न्यायालये फितुरांना शिक्षा फर्मावीत, ज्याचे शिक्षक घरांच्या तळघरांतून विद्यापीठाचे वर्ग चालवीत, आणि ज्याचे जासूद जीव मुठीत धरून लंडनपर्यंत खलिते पोचवीत.

हे साम्य मनाला भिडते. परंतु त्याचे माप राखले पाहिजे. सातारच्या गावांनी लाठ्या, गोळ्या, तुरुंग आणि सामुदायिक दंड सोसले. गावेच्या गावे जाळून तेथील माणसांचा वंशच्छेद करण्याचे जे धोरण पोलंडने सोसले, ते आपण सोसले नाही. उलट हेही विसरता कामा नये, की जे ब्रिटिश सरकार पोलिश निर्वासितांचे रक्षणकर्ते होते, तेच सरकार सातारच्या शेतकऱ्यावर बंदूक रोखून उभे होते, आणि त्याच १९४३ साली त्याच्याच अमलाखाली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मरत होती. इतिहासाच्या दफ्तरात ही पाने शेजारी शेजारी लावलेली असतात. त्यांपैकी एखादे आपल्याला सोयीचे नाही म्हणून फाडून टाकण्याचा अधिकार कोणालाच नसतो.

युद्ध संपले, आणि जगाने विजयोत्सव केला; वळिवड्यात मात्र तो आनंद पुरता शिरला नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे झालेल्या ठरावाप्रमाणे पोलंडचा पूर्वभाग रशियाकडेच राहिला, म्हणजे ज्या गावांतून ही माणसे उखडली गेली होती, ती गावेच आता त्यांच्या देशात उरली नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वॉर्सात कम्युनिस्टांचे राज्य सुरू झाले. बालाचडीची मुलेही अखेरीस वळिवड्यास आली. आणि १९४८ सालापर्यंत छावणी रिकामी होऊन तेथली माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी दाही दिशांना पांगली. थोडी पोलंडला परतली. जी परतली, त्यांनी सैबेरियाचे नाव काढावयाचे नव्हते. कारण नव्या राज्यात रशिया हा मुक्तिदाता होता, आणि मुक्तिदात्याने हद्दपारी केली, कातीनला कत्तल केली, असे म्हणणे हा अपराध होता. विटोल्ड पिलेत्स्की या सैन्याधिकाऱ्याने १९४० साली स्वतः होऊन जर्मनांच्या हाती लागून आउशवित्झमध्ये प्रवेश केला, तेथे गुप्त संघटना बांधली, तेथील हकिकती बाहेर पाठविल्या, आणि १९४३ साली तो तेथून निसटला. त्याच वीराला त्याच्याच देशाच्या नव्या सरकारने १९४८ च्या मे महिन्यात देहान्त शिक्षा दिली, आणि पुढील चार दशके त्याचे नाव घेण्याचीही चोरी झाली. कातीनचा अपराध आपलाच, हे मॉस्कोने १३ एप्रिल १९९० रोजी प्रथम कबूल केले.

अशा परिस्थितीत स्मृती कोठे राहिली? ती घरांत कुजबुजीने राहिली, आणि ती परदेशात राहिली. अँडर्स यांच्या सैन्याबरोबर बाहेर पडलेल्या हजारो माणसांकडून, आणि शाळकरी मुलांकडूनसुद्धा, १९४२-४३ साली प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या होत्या: नाव काय, गाव कोणते, कोणत्या तारखेस नेले, वाटेत कोण मेले. त्या कागदांपैकी पुष्कळसे पुढे अमेरिकेतील हूवर संस्थेच्या दफ्तरखान्यात जाऊन पडले, आणि त्यांतील मुलांच्या जबान्या १९८१ साली इरेना ग्रुडझिन्स्का-ग्रोस आणि यान ग्रोस या विद्वानांनी ग्रंथरूपाने प्रकाशात आणल्या. वळिवडे-बालाचडीच्या मुलांनी वयस्क झाल्यावर लंडनमध्ये आपला संघ स्थापन केला, आणि कागदपत्रे, छायाचित्रे व आठवणी जमवून हिंदुस्थानातील पोलिशांचा इतिहास सिद्ध केला; तो प्रथम पोलिश भाषेत आणि २००९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याही आधी, जर्मन अमलात, वॉर्साच्या ज्यूवस्तीत इमान्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने असेच एक दफ्तर जमविले होते. मृत्यू समोर दिसत असताना त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी निबंध, पत्रे, रेशनच्या चिठ्ठ्या, मुलांच्या वह्या गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनांत भरून जमिनीत पुरून ठेवल्या. रिंगेलब्लूम मारला गेला. पेट्या १९४६ साली आणि दुधाचे कॅन १९५० साली ढिगाऱ्यातून निघाले. मिरजेच्या हायस्कुलात शिकवून उरलेला वेळ पटवर्धनी दफ्तरातील रुमालांवर खर्च करणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांच्या नगरीत राहणाऱ्या माणसाला या कामाचे मोल समजावून सांगण्याची गरज पडू नये. शास्त्रीबोवांनी ते कागद उतरून ऐतिहासिक लेखसंग्रह छापला नसता, तर पानिपतानंतरच्या मराठेशाहीचे किती व्यवहार वाळवीच्या पोटात गेले असते!

परंतु जमविलेल्या स्मृतीला इतिहासाचे रूप येण्यापूर्वी तिची पारख व्हावी लागते, आणि येथे इतिहासकाराची खरी कसोटी असते. पानिपतावर लाख बांगडी फुटली, असे आपण आजही म्हणतो. तो आकडा खानेसुमारीचा नाही, तो आक्रोशाचा आहे. घराघरात माणूस गमावलेला समाज त्या आक्रोशाला ‘लाख’ हे नाव देतो. पोलंडातही असेच झाले. सैबेरियात नेलेल्यांची संख्या दहा लाखांपासून सतरा लाखांपर्यंत सांगितली जात असे, आणि परदेशातल्या पोलिश समाजात ती प्रमाण मानली जात असे. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर तेथील गुप्त पोलिसांचे कागद उघडले, तेव्हा चार लाटांत मिळून हद्दपार झालेल्यांचा आकडा सुमारे ३,२०,००० निघाला. अटक झालेले, सैन्यात सक्तीने भरती केलेले, असे निराळ्या वाटांनी नेलेले लोक त्यात मिळविले तरी तो जुन्या आकड्याच्या जवळ जात नव्हता. ज्यांची आईबापे त्या बर्फात गाडली गेली होती, अशा वृद्धांना हा नवा हिशेब म्हणजे आपल्या दुःखाचा अपमान वाटला, आणि तसे वाटणे अगदी स्वाभाविक होते. तरीही पोलिश इतिहासकारांनी तो मांडला. दहा लाखांच्या ठिकाणी तीन लाख वीस हजार असे म्हटल्याने एकाही मुलाची भूक उणी होत नाही. मात्र खोटा आकडा पुढे करणाऱ्याची खरी तक्रारही उद्या खोटी ठरविली जाण्याचे भय असते.

एकूण मृतांच्या हिशेबातही असाच बदल झाला. १९४७ साली सरकारने जाहीर केलेला आकडा ६०,२८,००० असा होता, आणि त्यात तीस लाख ज्यू व तीस लाख पोलिश अशी सरळ निम्मी वाटणी लोकांच्या मनात रुजली होती. त्या समसमान वाटणीमागे मोजदादीपेक्षा राजकीय सोय अधिक होती, असे नंतरच्या संशोधकांच्या ध्यानात आले. पोलंडच्या राष्ट्रीय स्मरणसंस्थेच्या अभ्यासकांनी २००९ साली जो अंदाज प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे दोन्ही अंमलांखाली मिळून सुमारे ५६ ते ५८ लाख नागरिक मृत्यू पावले, आणि त्यांपैकी २७ ते २९ लाख ज्यू होते. साडेतीन कोटींच्या देशातील सहावा माणूस, आणि ज्यूंमध्ये तर दहापैकी जवळजवळ नऊ जण! एवढा अनर्थ सांगावयाला फुगविलेल्या आकड्याची गरजच नव्हती.

याहून कठीण कसोटी पुढेच होती. ज्या यान ग्रोस यांनी सैबेरियातील पोलिश मुलांच्या जबान्या जगापुढे ठेवल्या, त्यांनीच २००० साली ‘शेजारी’ या अर्थाच्या नावाचा एक छोटा ग्रंथ लिहिला. १० जुलै १९४१ रोजी, जर्मन अमलाच्या पहिल्याच आठवड्यांत, येदवाब्ने या छोट्या गावातील ज्यूंना त्यांच्याच पोलिश शेजाऱ्यांनी ठार केले, कित्येकांना कोठारात कोंडून जाळले, अशी ती हकिकत होती. ग्रोस यांनी मृतांची संख्या १,६०० सांगितली. स्मरणसंस्थेच्या चौकशीत ती किमान ३४० ठरली. परंतु कृत्य पोलिश हातांनी घडले, जर्मन चिथावणी मागे असली तरी हात शेजाऱ्यांचेच होते, हा मूळ निष्कर्ष त्या चौकशीतही टिकला. देशभर काहूर उठले. आम्ही इतके सोसले, आणि आता आम्हांलाच गुन्हेगार ठरविता काय, असा तो सवाल होता. २००१ साली, त्या घटनेच्या साठाव्या स्मृतिदिनी, पोलंडचे राष्ट्राध्यक्ष क्वाश्न्येव्स्की यांनी येदवाब्नेस जाऊन क्षमा मागितली. पुढे २०१८ साली, नाझींच्या अपराधांत पोलिश राष्ट्राला सहभागी म्हणणाऱ्यास तुरुंगवासाची तरतूद करणारा कायदाही झाला, आणि काही महिन्यांतच त्यातील शिक्षेचे कलम मागे घ्यावे लागले. हा वाद अद्याप शमलेला नाही. परंतु त्या देशाविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो त्याने सोसलेल्या यातनांइतकाच या वादासाठी आहे. कारण आपण बळी होतो हे सांगणारा समाज पुष्कळ आढळतो, आणि बळी असतानाही आपल्यातल्या काहींनी दुसऱ्याचा बळी घेतला, हे आपल्याच दफ्तरातून काढून वाचणारा समाज विरळा.

आपल्याकडे मिळालेल्या आसऱ्याचे ऋणही पोलिश लोकांनी जपले आहे. वॉर्सात जामसाहेबांच्या स्मरणार्थ ‘चांगल्या महाराजां’च्या नावाचा चौक आहे, आणि माँटे कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मरणशिल्प आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा महाराष्ट्रातील अनेकांनी वळिवड्याचे नाव प्रथमच ऐकले. कोल्हापुरात महावीर उद्यानातील स्मारकापाशी छावणीतली मुले, आता काठी टेकीत, आपल्या नातवंडांना घेऊन येऊन गेली. ज्यांनी आसरा घेतला त्यांनी आपली बाजू लिहून ठेवली. ज्यांनी आसरा दिला त्यांची बाजू मात्र बरीचशी अलिखितच आहे. छावणीत दूध घालणाऱ्या गवळ्याने त्या गोऱ्या, खंगलेल्या बायकांविषयी घरी जाऊन काय सांगितले असेल, शेणोलीच्या रुळांवर गाडी अडविणाऱ्या तरुणाला त्याच रुळांवरून जाणाऱ्या या परागंदा मुलांविषयी काय वाटले असेल, हे सांगू शकणारी माणसे आज नव्वदीच्या पुढे आहेत, आणि दर वर्षी कमी होत आहेत.

पत्री सरकारच्या आठवणीही आपल्याकडे बहुधा पोवाड्याच्या सुरात सांगितल्या जातात. त्या शौर्याला तो सूर शोभतो. परंतु पोवाड्यात फितुराला मारलेल्या फटक्यांची हकिकत असते, त्या फटक्यांत एखादा निरपराधही सापडला असेल काय, हा प्रश्न नसतो, आणि गावातील ज्या बाईने भूमिगतांना भाकरी पोचविली तिचे नावही पुष्कळदा नसते. हे प्रश्न विचारल्याने नाना पाटलांची किंवा तुफान सेनेची थोरवी तिळमात्र कमी होणार नाही. पोलिश इतिहासकारांनी आपला आकडा दुरुस्त केला, येदवाब्नेचे पान उघडून वाचले, आणि तरीही पिलेत्स्की पिलेत्स्कीच राहिला, कातीन कातीनच राहिले.

म्हणून वडूज, शेणोली, वळिवडे या गावांतून ज्या घरी अशी एखादी जुनी जिवंत आठवण आहे, तेथल्या शाळकरी मुलाने सुट्टीच्या दिवसांत आजी-आजोबांपाशी बसून ती लिहून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. मोठ्या संस्थेची किंवा अनुदानाची त्याला गरज नाही. रिंगेलब्लूमपाशी दुधाचे कॅन होते, खरे शास्त्रींपाशी बोरू होता. ऐकलेले जसेच्या तसे उतरावे, शंका वाटेल तेथे ती शेजारी नोंदवावी, आणि इराणच्या तंबूत बसून पोलिश मुलांनी त्या प्रश्नावलीत सर्वप्रथम जे लिहिले, तेच आपल्याही वहीच्या माथ्यावर लिहावे: नाव, गाव आणि तारीख.